माहेरचं मीठ

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू, ती जिथं बसून बनवली तिथं चालावी म्हणून बनवलेली नाही. हे विधान मी विचार करून करतो आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ओतकामाची मापं तपासणारा माणूस आहे. शंभरातले दोन नग मापात नसले तर मी 'बहुतेक सगळे' असं लिहितो, 'सगळे' असं लिहीत नाही. साडूंच्या बाबतीत मात्र 'सगळे' असं लिहून खाली सही करायला मी तयार आहे. शाहूपुरीत मोटारपंपांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या राहत्या घरातल्या खोलीत बसून त्यांनी परदेशातल्या दूध काढायच्या यंत्रासाठी, कुठल्याशा बेटावरच्या हवामान केंद्रासाठी आणि एकदा तर समुद्रात बुडवून ठेवायच्या एका नळकांड्यासाठी सॉफ्टवेअर तयार करून दिलं. यातलं एकही यंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि ज्या लॅपटॉपवर हे सगळं तयार झालं, त्याच्यावर यातलं काहीही चालत नाही. एकदा चालवून तरी दाखवा, असं मी म्हटलं, तर ते समाधानानं म्हणाले, "हितं चाललं तर चुकलं म्हणायचं, पावणं."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नोकरीमुळे त्यांचा स्वभाव असा झाला की स्वभावामुळे अशी नोकरी मिळाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबं पन्हाळ्याला निघालो. खाली रस्त्यावर डांबर पातळ झालेलं, आणि साडू जिना उतरले ते स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून. वर संध्याकाळी वारं सुटतं, असं त्यांचं म्हणणं. तोवर गाडीत ठेवा म्हटलं तर ऐकेनात. निघताना जे अंगावर नसतं ते पोचल्यावर सापडत नाही, हा त्यांचा अनुभव. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी तीन वेळा चष्मा पुसला आणि रस्ता चढाला लागला तेव्हा ते बोलायचेच थांबले. संध्याकाळी मात्र खरोखरच वारं सुटलं, आणि आम्ही बाकीच्या सहाजणांनी कुडकुडत त्यांच्या कानटोपीकडे बघत पिठलं-भाकरी खाल्ली. त्यांच्या हॉलमधलं घड्याळही असंच. ते गिऱ्हाइकाच्या देशातली वेळ दाखवतं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस भर दुपारी त्यात नऊ वाजलेले बघून चक्रावला. 'सकाळीच आलो व्हय मी,' असं पुटपुटत तो खूश होऊन गेला. साडूंनी त्याची समजूत काढली नाही. ते घड्याळ त्या माणसासाठी नव्हतंच, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यांचं काम समजायला मला चार वर्षं लागली, म्हणून वाचकांसाठी ते मी एका परिच्छेदात बसवतो. ते लायब्रऱ्या बांधतात. पुस्तकांच्या नव्हे. सॉफ्टवेअरचे जे तयार सुटे भाग असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. एकीत आवाज वाजवायची अक्कल असते, दुसरीत आकडेमोडीची, तिसरीत चित्र उलगडायची. हे भाग मुळात माणसाला वाचता येतील असे लिहिलेले असतात आणि ज्या यंत्रात ते बसायचे, त्या यंत्राच्या मेंदूला कळतील अशा आकड्यांत ते उतरवावे लागतात. आता लॅपटॉपचा मेंदू वेगळा आणि यंत्रातल्या काडेपेटीएवढ्या बोर्डाचा वेगळा. तो बोर्ड बिचारा इतका अशक्त असतो की स्वतःसाठी हे काम करायला घेतलं तर मध्येच बसतो. म्हणून लॅपटॉपवर बांधायचं आणि बोर्डावर चालवायचं. मला हे पटलं ते फौंड्रीमुळे. ओतकामाचा लाकडी पॅटर्न कधीच नगाच्या मापाचा नसतो. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात. समोर दिसणाऱ्या मापावर जो विसंबतो, त्याचा नग भंगारात जातो. साडूंना ही उपमा आवडली, पण त्यांची स्वतःची त्याहून सोपी होती. लॅपटॉप म्हणजे माहेर आणि बोर्ड म्हणजे सासर. पोरगी वाढवायची माहेरात, पण तिला सवय लावायची सासरच्या मिठाची. अडचण अशी की बांधणी करणारी हत्यारं आळशी असतात. सासरचा डबा कुठल्या फळीवर आहे, हे सेटिंगच्या फाईलमध्ये त्यांना काटेकोर लिहून दिलं नाही, तर ती हाताशी असलेल्या माहेरच्या डब्यातलंच मीठ घालून मोकळी होतात. वर काही बोलत नाहीत. सगळं बिनबोभाट पार पडतं आणि पोरगी सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकते तेव्हा कळतं की इथलं काहीच हिला चालत नाही.

त्यामुळे साडूंना चुकांचा राग येत नाही. पडद्यावर लाल अक्षरांत पन्नास ओळींची तक्रार आली की ते लग्नाचं आमंत्रण वाचावं तशी ती वाचतात. बघा किती सरळ बोलतंय, काय पाहिजे ते सांगतंय, असं वर आम्हाला दाखवतात. त्यांना धास्ती असते ती गप्प बसणाऱ्या हत्याराची. एकदा त्यांची बांधणी पहिल्याच फटक्यात, एकही तक्रार न येता पुरी झाली. मी अभिनंदन करायला हात पुढे केला, तर त्यांचा चेहरा उतरलेला. "भांडतंय तवर बरं असतंय, पावणं," ते म्हणाले. "गप बसलं की समजायचं, कुटंतरी माहेरचं मीठ पडलंय." आणि खरोखरच पडलेलं होतं. त्याचा शोध त्यांना आठवडाभर पुरला.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे जेवण. घरात ताटं मांडली की ते आतून सांगतात, "आलोच, येवढं बांधून होऊ दे. पाच मिनिटं." मला सवय आहे म्हणून मी ही पाच मिनिटं घड्याळ लावून मोजली. अकरा वेळा मोजली. सरासरी निघाली अडतीस मिनिटं, सगळ्यात कमी एकवीस, आणि सगळ्यात जास्त मी लिहीत नाही, कारण त्या दिवशी आम्ही जेवून, पान खाऊन घरी आलो होतो. माझी मेहुणी सुरुवातीला चिडायची, मग तिनं त्यांचं ताट झाकून ठेवायला सुरुवात केली आणि पुढं पुढं ताट वाढायचंच सोडून दिलं. बांधणीला आपली काही गरज नसते, ती एकटी चालते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मग तुम्ही तिथं काय करता, असं मी विचारलं. पडद्यावर आकडा चढत असतो, एकूण इतक्यांपैकी इतके भाग झाले, तो बघत बसतो म्हणाले. आकडा चढताना बघत बसण्यात काय सुख असतं ते मला ठाऊक असल्यामुळे मी पुढं काही बोललो नाही.

आता सासूबाईंकडे यायला हवं, कारण साडू हे नातंच मुळी सासूबाईंच्या आधारावर उभं असतं. आमच्या सासूबाई जयसिंगपूरच्या. मुली त्यांना अव्वा म्हणायच्या. घराणं धान्याच्या व्यापारातलं, आणि पोती मोजणाऱ्या हमालांना माडीवरून हाक मारून मारून त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बोलायला त्यांना फोन कशाला लागतो, असा मला प्रश्न पडे. लिहायचा कंटाळा, म्हणून त्या मुलींना फोनवर आवाज भरून निरोप पाठवायच्या, आणि प्रत्येक निरोप असा सुरू व्हायचा जणू मुलगी रस्त्याच्या पलीकडे उभी आहे. माझ्याबद्दल त्यांचं मत बरं होतं. धाकट्या जावयाबद्दल त्यांना मतच बनवता येत नव्हतं. "थोरलं जावई लोकंड मोजतंय, त्ये कळतंय," त्या शेजारणीला सांगायच्या. "धाकटं बसून काय करतंय?" दिवाळीला गेलं की साडू माजघराच्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसत आणि सासूबाई येता-जाता त्या खुर्चीकडे एखाद्या न उघडलेल्या पार्सलाकडे बघावं तसं बघत. एकदा साडूंनी धीर करून त्यांना माहेर, सासर आणि मीठ समजावून सांगितलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी म्हायारातच सासरच्या मिटानं वाडवायची, तर त्येला म्हायार कशाला म्हणायचं?" साडू आठ दिवस या प्रश्नावर विचार करत होते, हे मला मेहुणीनं सांगितलं.

अडीच वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमाराला, सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, आतून शब्द येत नाहीत इतकंच. आम्ही घरी आणून माजघरात त्यांची खाट टाकली. त्या डाव्या हातानं काहीतरी सांगू पाहत, आम्ही चुकीचं काहीतरी आणून देऊ आणि त्या मान फिरवून भिंतीकडे बघत. ज्या घरात एक वाक्य तीन घरं ओलांडून जायचं, तिथं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मुली आलटून पालटून जात, दिवसभर सोबतीला एक बाई ठेवली. साडू मात्र पहिल्या भेटीत वेताच्या खुर्चीत लॅपटॉप न उघडता बसले होते. गप्प बसलेलं काही त्यांना सहन होत नाही. परतीच्या वाटेवर ते म्हणाले की मी यंत्र करतो, बटण दाबलं की बोलेल असं. त्यांना हवं होतं ते एवढंच, सासूबाईंनी परत बोलावं. आणि आपण बसून काय करतो ते त्यांना एकदा कळावं, हेही त्यांना हवं होतं असं मला वाटतं, पण ते तसं म्हणाले नाहीत.

फोनवर असलं काही तयार मिळत असेल, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी सगळं तपासलं होतं. फोनची काच सासूबाईंच्या कोरड्या बोटाला दाद देत नव्हती, पडदा सारखा काळा व्हायचा आणि हात थरथरला की भलतंच उघडायचं. हवी होती खरीखुरी, ठसठशीत, दाबली की खटकन वाजणारी बटणं. ती मी दिली. लेथ मशीनच्या पॅनेलवर असतात तसली, अंगठ्याएवढी. बारा हवी होती, आमच्या भांडारात हिरवी अकराच निघाली. बारावं लाल दिलं, मशीन एकदम थांबवायला असतं ते, भुईछत्रीच्या आकाराचं. पेटी मी पत्र्याची करून घेतली आणि कडा घासून घेतल्या. आत बसणार होता काडेपेटीएवढा बोर्ड, आणि त्या बोर्डासाठी साडूंना लायब्रऱ्या बांधायच्या होत्या. मुख्य एक, लिहिलेलं वाचून दाखवणारी. पण तिला लागणाऱ्या आणखी नऊ, आणि त्या नऊंना लागणाऱ्या आणखी काही. मला त्यांनी कागदावर ते सगळं झाड काढून दाखवलं. एकूण सतरा. प्रत्येकीला बजावून सांगायचं होतं की बाई, तू इथली नाहीस. बोर्डावर जागा थोडी, म्हणून न लागणारं सगळं त्यांनी सेटिंगच्या फाईलमधून काढून टाकलं. काय काय काढलं त्याची यादी त्यांनी मला अभिमानानं वाचून दाखवली. फोनवरून आलेले आवाजी निरोप वाजवणारी एक लायब्ररीही त्या यादीत होती. तिचं इथं काय काम, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

पाच महिने लागले. त्यातले तीन आठवडे एकाच ओळीत गेले. सतराच्या सतरा बिनतक्रार बांधून झाल्या आणि बोर्डावर घातल्यावर पेटी मुकीच. अकरावी लायब्ररी गुपचूप लॅपटॉपवरच्या आपल्या बहिणीला धरून बसली होती. साडूंनी सेटिंगच्या फाईलमध्ये सासरच्या फळीचा पत्ता पुन्हा लिहिला, आणि माहेरच्या फळीला कुलूप घालणारी एक ओळही घातली. दुसऱ्या दिवशी पेटी शाहूपुरीच्या त्या खोलीत पहिल्यांदा बोलली. बाईचा आवाज होता, स्वच्छ, रेल्वे स्टेशनवर गाडीला झालेल्या उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करतात तसला. "कृपया मला पाणी द्या." मेहुणीनं पेढे आणले.

श्रावणातल्या एका दुपारी आम्ही चौघं पेटी घेऊन जयसिंगपूरला गेलो. बटणांवर चित्रं चिकटवलेली होती: पाणी, औषध, पंखा, संडास, दुखतंय, डॉक्टर, अशी बारा. सासूबाईंनी डाव्या हातानं पहिलं दाबलं. आवाज आला आणि त्यांनी दाराकडे बघितलं, कोण बाई आली म्हणून. पुन्हा दाबलं. मग औषधाचं दाबलं, दुखण्याचं दाबलं. मग पेटीकडे बघत राहिल्या, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्यावर टाकला. साडूंनी तो हळूच बाजूला केला. सासूबाईंनी पुन्हा टाकला. पुढच्या आठवड्यात गेलो तर पेटीवर टॉवेल, टॉवेलवर पानाचा डबा आणि डब्यावर अडकित्ता. सासूबाईंनी जन्मात कधी कृपया म्हटलेलं नव्हतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. साडू रागावले नाहीत. वेताच्या खुर्चीत बसून बराच वेळ त्या अडकित्त्याकडे बघत होते. चूक आहे हे दिसतंय, पण काय चूक आहे ते त्या सांगू शकत नाहीत, एवढंच ते म्हणाले.

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. गिऱ्हाइकानं नग नाकारला की आमच्याकडे नवी पोरं कचेरीत बसून नकाशा घेऊन वाद घालतात. जुना माणूस गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जातो आणि नग जिथं बसायचा, तिथलं माप घेतो. मी साडूंना म्हटलं, मी जाऊन माप घेतो. पुढच्या रविवारी सकाळी आठला मी वही घेऊन सासूबाईंच्या खाटेजवळ बसलो आणि संध्याकाळी सहापर्यंत, त्या जेव्हा जेव्हा काही सांगू बघतील तेव्हा तेव्हा एक रेघ मारत गेलो. ती वही माझ्याकडे अजून आहे. दहा तासांत त्रेसष्ट रेघा. पाण्यासाठी चार. औषधासाठी एकही नाही. दुखतंय म्हणून एक, आणि तेही सोबतीच्या बाईचे गुडघे दुखत होते म्हणून. पंख्यासाठी दोन. दारात कोण आलं यासाठी अकरा. केर कोपऱ्यातून काढला नाही म्हणून नऊ. उरलेल्या छत्तीसांपैकी एकतीस वेळा त्यांनी कुणाला ना कुणाला, मला, बाईला, दूधवाल्याला, खिडकीत आलेल्या शेजारणीला, हात तोंडाकडे नेऊन विचारलं होतं की जेवलात का. आणि पाच रेघांपुढे मी लिहिलं होतं, अर्थ लागला नाही. त्या पाचही वेळा त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे बोट केलं, हात तोंडाकडे नेला आणि मग मनगट असं झटकलं, जणू कुणाला उठ म्हणताहेत.

येताना पेटी मी सोबत आणली होती. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत ती साडूंपुढे ठेवली आणि ही यादी त्यांना वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला ते म्हणाले, "त्या खुर्चीत मी बसतो की."

खाली दुकानात पंपाची चाचणी चालू होती. मग त्यांनी पेटी जवळ ओढली आणि बटणांवरची चित्रं नखानं एकेक करून सोलून काढायला लागले. "सतरा लायबऱ्या तपासल्या, पावणं," ते म्हणाले. "शब्द न्हाई तपासले. सगळं माहेरचं मीठ घातलं मी. माझ्याच डब्यातलं."

आवाज कुठून आणायचा हा प्रश्न माझ्या बायकोनं सोडवला. ती फोनमधलं काहीही पुसत नाही, यावरून आमचे वाद होत आलेले आहेत. माझं म्हणणं मी त्या दिवशी मागे घेतलं. तिच्या आणि बहिणीच्या फोनमध्ये मिळून अव्वांचे तीनशे सत्तेचाळीस आवाजी निरोप होते. आम्ही चौघं दोन रविवार दुपारी शाहूपुरीतल्या खोलीत बसून ते ऐकत होतो. मी नोंदी करत होतो, साडू वाक्यं कापत होते. सासूबाई त्या खोलीत एकापाठोपाठ एक ओरडत होत्या: लोणच्याला मीठ कमी पडलंय, शेजारीण पडलीया, सांबार करू नगंस पोराला खोकला हाय. मेहुणी मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सुरू केला, आणि तिथं भांडी नव्हती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सतरापैकी मुख्य लायब्ररी आता लागणारच नव्हती. लागणार होती ती, जी आम्ही बिनकामाची म्हणून काढून टाकली होती. साडूंनी ती निमूटपणे परत आणली आणि पुन्हा बांधायला घेतली. पाच महिन्यांच्या कामातलं बहुतेक सगळं वाया गेलं.

वाद झाला तो बाराव्या बटणावरून. अकरा माझ्या रेघांप्रमाणे ठरली. बारावं साडूंना पंख्यासाठी ठेवायचं होतं. मी वही उघडली. पंखा दोन, वेताची खुर्ची पाच. आणि त्या पाचांसाठी अगदी मापात बसणारा एक निरोप मेहुणीच्या फोनवर निघाला होता, तीन वर्षांपूर्वीचा. साडू म्हणाले, ते राहू दे, ते घरगुती आहे. मी म्हटलं, सगळीच घरगुती आहेत. ते म्हणाले, त्यात माझा विषय आहे, बरं दिसत नाही. मी म्हटलं, दोन मोठे की पाच? आकड्यापुढं त्यांचं चालत नाही. लाल बटण त्या निरोपाला गेलं.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही पेटी परत नेली. सासूबाईंनी ओळखली आणि टॉवेल शोधायला लागल्या. माझ्या बायकोनं त्यांचा हात धरून पहिल्या बटणावर ठेवला. खटकन आवाज झाला आणि त्यांचा स्वतःचा आवाज खोली फाडून बाहेर पडला, "कोन आलंय गं दारात?" रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. शेजारीण खरोखरच दारात आली. सासूबाई आधी दचकल्या, मग पेटीला हात लावून बघितला, आणि मग अर्ध्या तोंडानं हसल्या. झटका आल्यापासून त्यांना हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. पुढचा अर्धा तास कुणाची सुटका नव्हती. सोबतीच्या बाईला केराच्या कोपऱ्याबद्दल सहा वेळा बोलणी बसली, आणि तीही डोळ्याला पदर लावून ती ऐकत उभी राहिली. मला तीन वेळा 'जेवलासा का?' झालं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण खरंच जेवलो नव्हतो.

साडू कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसले होते. आवाज थोडा फाटत होता, तो दुरुस्त करून पुन्हा बांधायला त्यांनी लावला होता. ताटं मांडली. माझ्या बायकोनं हाक मारली. खुर्चीतून नेहमीचं उत्तर आलं, आलोच, येवढं बांधून होऊ दे, पाच मिनिटं. मी सवयीनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. सासूबाईंनीही ते ऐकलं होतं. त्यांनी पेटीवर नजर फिरवली, सगळी हिरवी बटणं ओलांडून लाल बटणावर तळहात ठेवला, आणि जावयाकडे बघत सगळ्या जोरानं दाबला.

"त्येला म्हणावं, ऊठ आदी. भाकरी गार व्हाय लागलीया. मशीन काय पळून जातंय व्हय?"

साडू उठले. लॅपटॉप मिटलासुद्धा नाही. आकडा कितीवर होता ते त्यांनी पाहिलं नाही, मी पाहिलं, पण ते इथं सांगण्यासारखं नाही. ते येऊन पाटावर बसले आणि खाली मान घालून जेवायला लागले. सासूबाई त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत त्यांच्याकडे बघत होत्या, पार्सल एकदाचं उघडल्यासारख्या.

त्यानंतर पेटी वर्षभर बोलली. हिरव्या बटणांपैकी 'जेवलासा का'चा रंग सगळ्यात आधी उडाला. सासूबाईंना जे पूर्वी बोलून झालं होतं तेवढंच बोलता यायचं, नवीन एक वाक्य त्यात कधी आलं नाही, आणि साडूंना शेवटपर्यंत याची खंत होती. सासूबाईंना ती आहे असं मला कधी जाणवलं नाही. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. घर आवरताना दोघी बहिणींनी दागिन्यांचं आणि भांड्यांचं पाच मिनिटांत वाटून घेतलं. पेटी मात्र माझ्या बायकोनं उचलून साडूंच्या हातात दिली.

गेल्या आठवड्यात आम्ही शाहूपुरीत जेवायला गेलो होतो. हॉलमधलं घड्याळ कुठल्यातरी दुसऱ्याच देशाचे सकाळचे आठ दाखवत होतं. साडू आतल्या खोलीत होते, कसल्याशा बोटीसाठी काहीतरी बांधत होते. मेहुणीनं ताटं वाढली आणि त्यांना हाक मारली नाही. फ्रिजवर ठेवलेल्या पेटीकडे हात नेला आणि लाल बटण दाबलं. खालच्या दुकानातली माणसं आता या आवाजाला सरावली आहेत म्हणे, त्यांनाही त्यावरून एक वाजल्याचं कळतं. मी घड्याळ बघितलं, पण मोजायला काही नव्हतं. आवाज संपायच्या आत साडू पाटावर येऊन बसले होते. भाकरी गरम होती.